चौदा नंबरच्या खाटेचा अहवाल

लिफ्टवाल्याने अहवालाच्या तीन प्रती बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि वरच्या प्रतीचा कोपरा तो नखाने सरळ करू लागला. कोपरा मुळात दुमडलेला नव्हताच.

“ठेवा आता,” बाई म्हणाल्या. “आज तुमचाच पहिला घेऊ.”

तो जाऊन खुर्चीत बसला. खुर्ची म्हणजे नावापुरतीच. प्रार्थनामंदिराच्या मागच्या या हॉलमध्ये सकाळी बालवाडी भरायची, तिच्याच लाल-पिवळ्या खुर्च्या दुपारी यांच्या वाट्याला येत. नखांत ग्रीस मुरलेला त्रेपन्न वर्षांचा माणूस तीत बसला की गुडघे हनुवटीला भिडायचे. तसे सगळेच अवघडून बसत. नऊ जण होते, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून शनिवारी दुपारी पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, शिक्षण घेणारे. एक बसकंडक्टर होता, शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या, दोघी नर्स होत्या. मोठ्या धर्मविद्यालयात तीन वर्षं राहून शिकायचं, तर यांच्या घरची चूल कोणी पेटवली असती? इथली फी मोलमजुरी करणाऱ्यालाही झेपेल एवढीच होती आणि बाई शिकवण्याचं काही घेत नसत. फीमध्ये त्या सवलत देत, कामात मात्र अजिबात नाही. पंचवीस वर्षं इस्पितळातल्या रुग्णांना भेटी देण्यात घालवलेल्या बाईंपुढे थातुरमातुर काही चालत नसे.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्याने आपण लिफ्ट दुरुस्त करतो असं सांगितलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला होता की लोकांना वर पोचवायचं काम तुम्ही आधीपासूनच करताय, मग इथे कशाला आलात. वर्ग खो-खो हसला आणि त्याचं नाव लिफ्टवाला पडलं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलंही होतं.

रुग्णभेटींच्या अहवालांपैकी आजचा शेवटचा. बाईंची सही झाली की प्रमाणपत्र मिळणार होतं आणि प्रमाणपत्र हाती आलं की त्याची मंडळी त्याला पाळक म्हणून नेमणार होती. मंडळी म्हणजे साठेक माणसं, निम्मी सत्तरीच्या पुढची, दोन वर्षं पाळकाविना दिवस काढणारी. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर एका आजींनी त्याला सरळ ‘पाळकसाहेब’ म्हणून हाक मारली. बायको घरी पोचेपर्यंत गालातल्या गालात हसत होती. विशीत मनाशी धरलेली गोष्ट, बहिणींची लग्नं आणि आईचं आजारपण यांत मागे मागे पडत गेलेली, आता कुठे हाताशी आली होती.

आणि अहवाल खोटा होता.

सगळा नव्हे. बाईंचा नियम असा की रुग्णाला भेटून आल्यावर त्याच दिवशी झालेलं बोलणं शब्द न् शब्द लिहून काढायचं. डाव्या बाजूला रुग्ण काय म्हणाला, उजव्या बाजूला आपण काय म्हणालो. स्वतःला शहाणं करून लिहायचं नाही, हे त्यांनी तीनतीनदा बजावलं होतं. मग वर्गात दोघांनी ते नाटकासारखं वाचायचं.

चौदा नंबरच्या खाटेवरचे आजोबा पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. अहवालातली पहिली आठ वाक्यं त्यांची आणि त्याची खरीखुरी होती. त्याने तब्येत विचारली, काम विचारलं, आणि मग आपल्याच कामाच्या गोष्टी सांगायला लागला. लिफ्टमध्ये माणूस अडकला की दाराबाहेरून सारखं बोलत राहायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. बाहेरचा आवाज थांबला की आतला माणूस हाय खातो. तीस वर्षं तो असाच बोलत आला होता. आजोबांनी डोळे मिटून थोडं ऐकलं आणि मग म्हणाले, बोलू नका हो, नुसते बसा थोडा वेळ.

तो बसला. आजोबांचा श्वास मध्येच अडखळायचा आणि पुन्हा सुरू होईपर्यंत याचा जीव टांगणीला लागायचा. हातात पाना नाही, तोंडात शब्द नाही, अशा वेळी काय करायचं असतं ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं म्हणा, बाईंनी दोन तास त्यावरच घातले होते, पण त्यातलं काही त्या क्षणी हाताला लागेना. तो घाबरला, चांगलाच घाबरला. एक काम राहिलंय असं काहीतरी पुटपुटला आणि तिथून निघाला. सगळी मिळून चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला होता. त्याबद्दल अहवालात काही नव्हतं. अहवालात होती चाळीस मिनिटांची भेट, नवव्या वाक्यापासून पुढे घरी बसून रचलेली.

“आज जरा उलट करू,” बाई म्हणाल्या. “रुग्णाची वाक्यं तुम्ही वाचा. तुमची वाक्यं ताई वाचतील.”

बाई अधूनमधून असं करत. त्यांना काही शंका आली होती की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. दोन खुर्च्या मधोमध समोरासमोर मांडल्या गेल्या. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी चष्मा पुसून कागद धरला आणि वाचन सुरू झालं.

पहिली आठ वाक्यं सुरळीत गेली. नववं वाक्य आजोबांचं. “बोलत राहा,” लिफ्टवाल्याने वाचलं. “बरं वाटतं ऐकायला.” वाक्य निभावलं.

मग ताईंनी पुढचा परिच्छेद घेतला. त्यांचा आवाज मुळातच मायेचा, त्यात त्या मनापासून वाचत होत्या. मागच्या रांगेतल्या नर्सने पदर डोळ्यांना लावला. लिफ्टवाला आपलीच वाक्यं समोरून येताना ऐकत होता आणि एकेका वाक्यागणिक त्याला शरमेने मान वर करवेना.

“तुमचं दुखणं प्रभूला ठाऊक आहे, आजोबा,” ताईंनी वाचलं. “तुम्ही एकटे नाही. मी आहे ना इथे.”

यावर आजोबांनी म्हणायचं होतं की तुम्ही आलात म्हणून भीती गेली. कागदावर तसं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. लिफ्टवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ताई थांबल्या. त्याला ओळ सापडत नसेल असं समजून त्यांनी पुढे वाकून त्याच्या कागदावर बोट ठेवलं.

“बोलू नका हो,” तो म्हणाला. “नुसते बसा थोडा वेळ.”

ताईंनी आपल्या प्रतीवर बोट फिरवलं, पान उलटून पाहिलं. “हे कुठे आहे?”

“त्यात नाही.”

मग त्याने सांगून टाकलं, चार मिनिटांचं, राहिलेल्या कामाचं, सगळं. मान खाली घालूनच सांगितलं.

“दुसऱ्या दिवशी गेलो होतो मी,” तो म्हणाला. “खाटेवर धुतलेली चादर होती. पहाटेच गेले म्हणे. जवळ कोणी नव्हतं. निदान कागदावर तरी कोणीतरी बसावं त्यांच्यापाशी, म्हणून लिहिलं.” आणि जरा वेळाने, “सहीसाठी पण लिहिलं.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“यावर मला सही करता येणार नाही,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “सगळ्या भेटी पुढच्या वर्षी पुन्हा कराव्या लागतील.”

त्याने मान हलवली. मंडळी आणखी वर्षभर थांबणार नव्हती. बाहेरून दुसरा कोणी पाळक आणायचं बोलणं सुरू झालेलंच होतं, आणि मंडळीच्या पंचांची त्यात चूक काढण्यासारखंही काही नव्हतं. बायको आज जेवणाला थांबली असेल, कसं झालं ते विचारायला.

बाईंनी कंडक्टरकडे पाहिलं. पुढचा अहवाल त्याचा होता. लिफ्टवाला उठायला गेला, पण त्या बुटक्या खुर्चीतून त्याला उठवेना.

“मी ठीक आहे,” तो म्हणाला. “तुम्ही जा ताई जागेवर, यांचा वेळ जातोय. मंडळीला मी सांगेन. घरीही सांगतो, तसं ती समजून घेणारी आहे. एक वर्ष म्हणजे काय, बघता बघता जाईल, आणि तोवर इकडचं काम आहेच, नव्या इमारतीत दोन लिफ्ट बसवायच्यात, त्या एकदा…”

ताईंनी कागद मांडीवर पालथा ठेवला. त्या उठल्या नाहीत. काही बोलल्याही नाहीत. तो बोलतच होता, इमारतीच्या मजल्यांबद्दल, कुठल्याशा तारांबद्दल, आणि त्याची वाक्यं हळूहळू तुटत गेली.

एरवी थट्टेची एकही संधी न सोडणारा कंडक्टर आपला अहवाल हातात घेऊन उभा होता. तो हलकेच पुन्हा खाली बसला. बाईंनीही वही मिटून बाजूला सारली.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. लिफ्टवालाही नाही.