दादाचा अर्धा फेरा

थोरल्याला धाकट्याचं सगळंच खुपायचं. गिऱ्हाईक वर्कशॉपात शिरल्याशिरल्या "धाकटे कुठायत?" म्हणून विचारायचं, आणि थोरला हात पुसत त्याच्या नाकासमोर उभा असायचा. बाबा तर उठताबसता म्हणायचे, "याच्या हाताला गुण आहे." मग माझ्या हाताला काय खरूज झालीय, असं थोरला मनातल्या मनात विचारायचा.

उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याने एक खोड लावून घेतली होती. धाकट्याने यंत्र जोडून ठेवलं, की कुणाचं लक्ष नाही असं बघून हा पाना घ्यायचा आणि एकेक बोल्ट अर्धा फेरा आणखी आवळायचा. पाना फिरला की त्याच्या जिवाला थंडावा मिळायचा. बघा, ढिला राहिलाच होता! म्हणे हाताला गुण!

बाबांचे गुडघे आता पार गेले होते. उद्यापासून ते घरीच बसणार होते, आणि दाराजवळची त्यांची खुर्ची कुणाची, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. नेमका आजच बेकरीवाला पीठ मळायचं यंत्र टेम्पोत घालून परत घेऊन आला. धाकट्याने परवाच दुरुस्त केलेलं. मोटरीच्या एका बोल्टाचं डोकं तुटून पडलं होतं आणि धड आतच अडकलं होतं.

थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "सरक," तो धाकट्याला म्हणाला, "निस्तरतो मी." बाबांना दिसेल असा तो मुद्दाम उजेडात बसला. तुटक्या तोंडावर बरोबर मधोमध खूण ठोकली, बारीक भोक पाडलं, त्यात उलट्या आट्यांची खुंटी ठोकून हलक्या हाताने डावीकडे फिरवली. बोल्ट गंजलेला असता तर त्याने रडवलं असतं. हा मुकाट बाहेर आला.

बाबांनी चष्मा लावून तो तुकडा निरखला. तुटल्या जागी बोल्टाची मान ताणून बारीक झाली होती.

"गंजून नाही तुटला. नको तितका आवळलाय," ते म्हणाले. "कुणी?"

थोरल्याने मान खाली घालून खुंटी पुसायला घेतली.

"मी," धाकटा म्हणाला.

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग थोरल्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून खुर्चीत तू बस."

मागच्या नळावर हात धुताना थोरल्याने धाकट्याला गाठलं. "कशाला अंगावर घेतलंस?"

"दादा, तू मागून आवळतोस ते मला कधीचं ठाऊक आहे. म्हणून मी दरवेळी अर्धा फेरा राखूनच ठेवतो. परवा तू बाहेर गेला होतास. मला वाटलं, आज काही परत येत नाहीस, म्हणून पुरता आवळला. चुकलंच माझं."

आणि परवा थोरला संध्याकाळी परतला होता, तो थेट पान्याकडेच गेला होता.

आता त्याला खुर्ची मिळाली होती, तरी आतली जळजळ थांबेना. उलट भडकली. म्हणजे इतके दिवस पाना फिरल्याचं ते समाधानसुद्धा यानेच ताटात वाढलेलं! खरं बोलायची थोरल्याला मुळीच हौस नव्हती, पण मोठेपणातही धाकट्याने बाजी मारावी, हे त्याच्याने बघवेना. ओल्या हातांनीच तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"खुर्ची त्याला द्या," तो खेकसला. "बोल्ट मी तोडला."