चारू ‘हरले’ म्हणेना

शनिवारी सकाळी चारूने झोपेतच कूस बदलली, माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "काकी, पाणी."

मी उठून पाणी दिलं. डोळे न उघडता तिने दोन घोट घेतले आणि पुन्हा माझ्याच दंडावर डोकं ठेवून झोपली. पेला हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. सहा वर्षांची पोर. झोपेत माणूस कुणाचंही नाव घेतं, हे मला कळत होतं. पण मग माझं का नाही?

जूनमध्ये माझी बदली धुळ्याला झाली. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात मी कारकून आहे. चारूची पहिली नुकतीच सुरू झालेली, माझ्या नवऱ्याची, स्वप्नीलची, पाइपच्या कंपनीतली नोकरी जळगावची, घरात सासूबाई, दीर आणि धाकटी जाऊ पुनम. मग ठरलं की मी तिथल्या देवपुरात एक खोली घ्यायची आणि शुक्रवारी ऑफिस सुटलं की जळगावची बस धरायची. "दोन दिवस तर दोन दिवस, पण ते पूर्ण तुझे," स्वप्नील म्हणाला होता.

कसले माझे! पुनमच्या पाच दिवसांना मागून जोडलेलं शेपूट होतं ते.

पुनम फैजपूरची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आली. हसरी, कामाला वाघ, आणि भांडायला कधी निमित्त देत नाही. एखादी वाईट जाऊ असती तर किती सोपं झालं असतं. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी पारोळ्यापर्यंत तिच्याशी मनातल्या मनात भांडते, एरंडोल आलं की मुद्दे संपतात, आणि घरी पोचल्यावर ती माझ्या हातातली पिशवी घेत म्हणते, "ताई, चहा टाकलाय."

त्या शनिवारी मी ठरवलंच होतं की संध्याकाळ फक्त आमची. दसरा नुकताच झाला होता. दुपारी ऊन अजून भाजत होतं, पण सूर्य कलला की हवेत एक हलका, कोरडा गारवा येतो ना, तो सुरू झाला होता. नाक्यावर सीताफळांच्या पाट्या बसल्या होत्या. आम्ही तिघं स्कूटरवरून मेहरूण तलावावर गेलो. मला वाटलं, हे मी तिला दाखवतेय. पाण्यावरचा वारा, पलीकडच्या झाडांवर परतणारे बगळे, सगळं.

"मम्मी, इथे नको, त्या बाकावर बसू," चारू म्हणाली. "तिथून सूर्य पाण्यात पडताना दिसतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"काकीने. आम्ही येतो ना, काकाच्या गाडीवर."

मी स्वप्नीलकडे पाहिलं. त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. कणसं घ्यायला गाडीपाशी गेलो तर कणीसवाल्याने चारूला ओळखलं. "लिंबू जास्त, तिखट कमी, बरोबर? आज मम्मी नाही आली का, बेटा?"

"ही मम्मी आहे," चारू म्हणाली. "ती काकी."

तो ओशाळून हसला, मीही हसले. कणीस चांगलं होतं म्हणे. मला दाणे चावत नव्हते.

रविवारी सकाळी तिच्या वेण्या घालायला बसले.

"असं नाही, मम्मी. आधी पाणी लावायचं."

"पाण्याने केस तुटतात."

"काकीचे नाही तुटत."

"काकीचे की तुझे?"

"माझे. काकी घालते तेव्हा नाही तुटत."

शेजारी पुनम सीताफळं निवडत होती. तिने पाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. ती वाटी मी पालथी केली असती, पण सासूबाई बघत होत्या. थोड्या वेळाने पुनमच म्हणाली, "ताई, तुमची धुळ्याची खोली कशी आहे हो? म्हणजे, ऑफिसातून आल्यावर दार लावलं की मग कुणीच हाक मारत नाही?"

"कुणीच नाही."

"किती छान," ती म्हणाली.

मला वाटलं, टोमणा मारतेय. मी वेणी जरा जास्तच घट्ट आवळली. चारू ओरडली.

माझा सगळा भरवसा संध्याकाळवर होता.

हे भुलाबाईचे दिवस. भाद्रपदाच्या पुनवेला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसते, ती कोजागिरीला उठते. तोवर रोज संध्याकाळी कॉलनीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखतात. डब्याचं झाकण बंद. हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, पण उघडायचा नाही. ओळखला की वाटायचा. ओळखता आला नाही तर 'हरलो' म्हणायचं, मग घरची बाई झाकण काढते. मोठ्या मुली भराभर ओळखून टाकतात आणि लहान्या रडतात, म्हणून यंदा पुनमने एक नियम केला होता. ज्या घरी डबा, तिथल्या मुलीने आधी ओळखायचं. ती 'हरले' म्हणेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही.

आठवडाभर पुनमचे डबे चालायचे. शंकरपाळी, चिवडा, गुळपापडी. खाऊ ओळखून झाला की लागणाऱ्या व्हिडिओ कॉलवर मी ते बघायची. रविवारचा डबा मात्र माझा. गेल्या रविवारी मी धुळ्याहून महागाची मिठाई आणली होती, तर पोरींनी एकेक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "पुनम काकीचा चिवडा उरलाय का?"

म्हणून या वेळी मी बिबड्या आणल्या.

मे महिन्यात, बदलीचं पत्र यायच्या आधी, मी आणि चारूने गच्चीवर बिबड्या घातल्या होत्या. खानदेशी पापडच ते, ज्वारीचं पीठ शिजवून, त्यात लसूण, मिरची, तीळ. तो शिजलेला गरम घाटा खाऊन तिची जीभ भाजली होती. माझ्या मोठ्या बिबड्यांच्या ओळीशेजारी तिने आपल्या तळहाताएवढ्या, वाकड्यातिकड्या बिबड्यांची ओळ घातली होती, आणि कावळे येतील म्हणून छत्री घेऊन राखण करत बसली होती. पुनम तेव्हा माहेरी होती. ते मी विसरले नव्हते. चारूच्या त्या छोट्या बिबड्या मी धुळ्याला घेऊन गेले होते आणि एकही खाल्ली नव्हती. गुरुवारी गॅसवर एकेक भाजली, डब्यात भरली. जगात एकाच मुलीला हा खाऊ ओळखता येणार होता, आणि ती ओळखणार होती सगळ्यांसमोर, पुनमसमोर.

माझी बस साडेसातची. गाणी लवकर आटोपली. वरच्या मजल्यावरची सुलक्षणा, समोरची तबस्सुम आणि आणखी पाच-सहा पोरी गोल करून बसल्या. मी डबा चारूच्या मांडीवर ठेवला. "ओळख बरं."

तिने डबा कानाशी नेऊन हलवला. खळखळ असा कोरडा, पातळ आवाज. झाकणाच्या फटीला नाक लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं, आणि मी पुढे झुकले.

"शंकरपाळी," ती म्हणाली.

"नाही गं. नीट बघ."

"चिवडा."

सुलक्षणाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ती दहा वर्षांची, आणि लसणाचा वास तर दारापर्यंत आला होता.

"चकली. गुळपापडी. शेंगदाण्याचे लाडू."

"लाडू असा वाजतो का?" माझा आवाज चढला. एकेक नाव पुनमच्या डब्यातलं. माझ्या पोरीच्या जिभेवर सगळं पुनमचंच. गच्ची नाही, छत्री नाही, भाजलेली जीभ नाही. पाच महिन्यांत सगळं पुसलं गेलं?

"आंटी, हमको तो कब का मालूम है," तबस्सुम कळवळून म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," पुनम म्हणाली. "चारू, हरलीस का?"

"नाही!" चारूने डबा पोटाशी धरला. "मी ओळखतेय. अनारसे."

सासूबाई सोनगीरच्या, घरात अहिराणीच बोलतात. त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "दिपा, बस चुकी जाई तुनी."

बाहेर स्वप्नीलने स्कूटर सुरू केली होती. चारू आणखी सावकाश झाली. डबा उलटा केला, सुलटा केला. "करंजी," म्हणाली. मग बराच वेळ थांबून, "दुसरी करंजी. ओल्या नारळाची."

पोरी खिदळल्या. पुनमही हसली. त्या हसण्याने माझ्यात काय पेटलं कुणास ठाऊक. मी डबा चारूच्या हातातून ओढून घेतला आणि झाकण काढलं.

"बिबडी आहे, बिबडी! आपण दोघींनी घातलेली. तुझ्या हातची. एवढंही आठवत नाही तुला?"

चारूने डब्यातल्या आपल्या वाकड्या बिबड्यांकडे पाहिलं. तिला जराही नवल वाटलेलं नव्हतं. ती एकदम मोठ्याने रडली.

"तू का सांगितलंस? मला माहीत होतं! आता डबा उघडला. आता तू जाशील."

डबा माझ्या हातात होता. मला तो कुठे ठेवावा ते कळेना.

"ताई," पुनम हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही? तुम्ही स्वयंपाकघरातून डबा आणलात तेव्हाच माझ्या कानात येऊन सांगून गेली ती, बिबडी आहे म्हणून. माझे डबे तर हातात न घेताच ओळखते. चिवडा, झालं, आता मम्मीला फोन लाव, म्हणते." ती हसली, पण बघत होती खाली पडलेल्या टिपऱ्यांकडे. "इतकं राबून करते मी, ताई. माझ्यासाठी अजून कुणी असं मुद्दाम चुकलेलं नाही."

सकाळची तिची खोलीची चौकशी मला आठवली. तो टोमणा नव्हता. तिला माझं बंद दार हवं होतं, मला तिच्या ओल्या हातांच्या वेण्या. आणि तरी, खरं सांगू? तेवढ्यातही मनात आलंच, कानात सांगायला ती पुनमकडे गेली.

मी झाकण लावलं. दाबून, चारही बाजूंनी.

"मी खोटंच बोलले," मी चारूला म्हटलं. "बिबडी नाहीये यात."

तिने हुंदका अर्धा सोडला. "मला दिसली."

"काय दिसलं?"

ती विचारात पडली. "काहीतरी गोल."

"गोल तर खूप गोष्टी असतात. ओळख."

ती उठली. आधी पुनमकडे गेली, तिच्या ओढणीला नाक पुसलं, सवयीने, न बघता. ओढणी माझ्याही खांद्यावर होती. मग परत आली आणि माझ्या मांडीत बसली, चांगली रेलून. डबा मी तिच्या हातात दिला.

स्वप्नील दारात आला. "निघायचं ना? सात वाजून गेले."

"पहाटेच्या बसने जाते."

"आणि ऑफिस?"

"ऑफिसला पोचते. स्कूटर बंद करा अहो, पेट्रोल जळतंय."

सासूबाईंनी पोरींवरून नजर फिरवली. "मंग काय, बठ्ठ्या पोरी आठेच झोपतीन का आते?"

"आजी, इथे नाही झोपायचं, आम्हाला गृहपाठ पण आहे," सुलक्षणा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"पुनम, पोरींना तुझा चिवडा दे," मी म्हटलं. "उरलाय ना?"

"खूप उरलाय," म्हणत पुनम उठली. जाता जाता तिने चारूच्या डोक्यावरून हात फिरवला. मी बघितलं. मला आवडलं नाही.

चारूने डबा कानाशी नेला आणि अगदी हळूच हलवला, आतलं काही मोडू नये असा.

"पुरणपोळी?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

सुलक्षणाने टिपरी कपाळावर मारून घेतली.