मानेत चीर असलेलं पातं

मी भाल्याचं पातं बोलतोय, ज्यूंच्या देशातल्या, यहूदियाच्या डोंगरातल्या एका भुयारातून. जरा हळूच बोलतो. रोमन पावलांची धास्ती अजून गेली नाही.

मला घडवलं हिल्किया लोहारानं, आणि मुद्दाम वाईट घडवलं. रोमन छावणीला भाले पुरवायची आमच्या गावावर सक्ती होती. पातं जिथे दांड्यावर बसतं, त्या मानेत हिल्किया एक बारीकशी चीर ठेवायचा. छावणीतला तपासनीस तिथे नख फिरवायचा आणि भडकायचा.

"हे भाले की भाजीचे देठ? ने परत, गाढवा!"

"चुकलं, मालक," हिल्किया मान खाली घालून म्हणायचा, आणि घरी आला की पोट धरधरून हसायचा. असे परत आलेले भाले तेलघाण्याखाली पुरायचे आणि बंडाच्या वेळी तापवून त्यांच्या माना सांधायच्या, असं गावोगावच्या लोहारांचं ठरलेलं होतं.

बंड पेटलं. आधी रोमन मागे हटले, मग मोठी फौज घेऊन उलटले. ते आमच्या गावाशी पोहोचले तेव्हा मी एकटाच सांधायचा राहिलो होतो, आणि नेमका शुक्रवारचा सूर्य बुडाला. शब्बाथ, आमचा आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागला. शब्बाथला आमच्यात विस्तव पेटवत नाहीत.

"अहो, पेटवा की भट्टी!" हिल्कियाची बायको शलोम रडकुंडीला आली. "ते थांबणारेत का आपल्या शब्बाथसाठी?"

"वेळ आली तर हात उचलेन, शलोम. विस्तव नाही पेटवणार. माझ्या बापानं कधी पेटवला नाही."

सांधलेले भाले त्यानं शेजाऱ्यांना वाटले आणि मला स्वतःकडे ठेवलं. पहिल्याच घावाला मी मोडणार, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

सकाळी रोमन गावात शिरले. बायकापोरं भुयारात उतरली. भुयाराच्या तोंडाला जात्यासारखी गोल शिळा होती. ती आतून लावता यायची, पण बाहेरून पहार घातली की सरकायची.

शलोमनं हिल्कियाचा हात सोडला नाही. "तुम्हीपण चला ना आत."

"शिळा अडवायची पाचर बाहेरूनच बसते गं. पलीकडच्या तोंडानं पोरांना घेऊन बाहेर पड. मागे बघू नकोस."

शिळा लागली. हिल्कियानं मला तिच्याखालच्या फटीत ठोकलं आणि अंगाचा सगळा भार टाकून दांडा पिरगाळला. कट्कन माझी मान मोडली. मी आत रुतलो, आणि ओढून काढायला बाहेर काहीच उरलं नाही.

"भट्टी पेटवली असती तर मोडला नसतास, बाबा," तो मला म्हणाला. मग नुसता दांडा घेऊन वर गेला. पुढे जे ऐकलं ते मला सांगवत नाही.

सैनिकांनी पहारी घातल्या, शिव्या घातल्या. शिळा हलली नाही. मग सगळं शांत झालं, आणि मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटते. पलीकडचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. ते उघडं होतं का? शलोम पोहोचली का?

कधीतरी कोणीतरी येईल आणि मला उपसून काढेल. बाबांनो, मी कोणाचा, कुठल्या काळचा, ते मागाहून बघा. आधी शिळा सरकवा आणि आत दिवा धरा. आत कोणी नसलं, तर मला तेवढं सांगा. आणि असलं, तर काही बोलू नका. मला होतो तसाच परत ठोकून ठेवा.