आप्पांचा थरथरता हात

मंगलला बघायला आणे गावाहून पाव्हणे येणार होते, आणि तिच्या भावाला, गोरखला, एकाच गोष्टीची धास्ती होती. आप्पांचा खोकला!

आप्पा म्हणजे त्यांचे वडील, सावळेराम. पिंपळवंडीच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारता सारता त्यांचं आयुष्य गेलं. ना बिडी ना तंबाखू, पण धूर काय विचारून छातीत शिरतो होय? नारायणगावच्या डॉक्टरांनी तोंडानं ओढायचे दोन पंप दिले होते. एक रोजचा. तो ओढला की गुळणी करायची, नाहीतर जिभेवर पांढरा थर चढतो आणि आवाज बसतो. दुसरा निळा, दम कोंडला तरच घ्यायचा. "हा उगाच ओढू नका, छाती धडधडेल, हात कापतील," असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा गोरख शेजारच्याच खुर्चीवर बसला होता.

तरी त्या सकाळी निळा पंप आप्पांच्या हातात कोंबला तो त्यानंच. मागच्या स्थळानं खोकला ऐकला आणि 'घरात टीबी दिसतोय' म्हणत पोह्यांची बशी अर्धी टाकून काढता पाय घेतला होता. टीबी नाही हो, ह्याची लागण होत नाही, हे ऐकून घ्यायला थांबतो कोण! आजाराची कुजबूज एकदा सुरू झाली की सोयरिकीत ती वाऱ्यासारखी पसरते.

"आत्ता दम न्हाई लागला रं मला," आप्पा म्हणाले.

"लागंपर्यंत थांबता का? पाव्हण्यांच्या म्होरं खोकनार व्हय? वढा. अजून येकदा. मंगलसाठी वढा."

मंगलचं नाव काढल्यावर आप्पा कशाला नाही म्हणतात! पोरगा म्हणाला तितक्या वेळा त्यांनी मुकाट्यानं ओढलं.

पाव्हणे आले. नवरामुलगा अमृत, चाकणला कंपनीत कामाला. त्याची आई. आणि घरचा सगळा कारभार ज्यांच्या शब्दावर चाले ते चुलते, दादाभाऊ. चहापाणी झालं, गप्पा झाल्या, पण आप्पांना एक ढास आली नाही. जिंकलं राव, असं गोरख मनात म्हणतोय तोवर आप्पा गंधाची वाटी घेऊन उठले. दारी आलेल्या पाव्हण्याला आपल्या हातानं गंध लावायचा, ही त्यांची गळ्यात माळ घातल्यापासूनची रीत. बोट दादाभाऊंच्या कपाळाशी गेलं आणि हात असा लटलटा कापायला लागला की गंध कपाळावर कमी आणि भुवईवरच जास्त गेला. पुसायला गेले तर ओघळ नाकावर आला. आप्पांचा चेहरा घामानं डबडबला होता. "माफ करा पावणं," म्हणत ते आत गेले. अमृतच्या आईनं तोंडाला पदर लावला.

दादाभाऊंनी रुमालानं नाक पुसलं आणि गोरखला गोठ्याकडे बाजूला घेतलं. "भाऊ, राग मानू नका. पोरगी आमाला पसंत हाये. पन खरं सांगा, म्हातारं घेतं का?"

सांगायला कितीसं होतं? छातीचा आजार आहे, औषधानं हात कापतोय, बस्स. पण गोरखच्या डोळ्यांपुढं ती अर्धी टाकलेली बशी आली. आजार म्हटलं की पोरीच्या रक्तात शोधत बसतील. दारूचं काय, घरोघरी मातीच्या चुली! आणि त्या नालायकाच्या तोंडून निघून गेलं, "घेत्यात. कधीमधी."

"सकाळच्या पारी? आन् गळ्यात तुळशीची माळ घालून?" दादाभाऊ हळहळले. "प्यायचं तर प्या म्हनावं, पन माळेला कशापायी बट्टा लावायचा?"

गोरखनं मान खाली घातली. वर केली तेव्हा गोठ्याच्या दारात आप्पा उभे होते. पाव्हण्यांना तोंड धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आले होते बिचारे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं गोरखला झालं. आप्पा तांब्या खाली ठेवून घरात गेले.

मंडळी पुन्हा ओट्यावर बसली आणि आप्पा बाहेर आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. अंघोळीलाही जी कधी निघाली नाही ती माळ! तो मोकळा गळा गोरखला बघवेना. बट्टा आपल्याला लागू दे, माळेला नको, असं ठरवून आले होते ते.

"सावळेरामभाऊ, सोयरीक पक्की समजा," दादाभाऊ म्हणाले. "पन येक शब्द द्या. मांडवात आमच्या पावण्यारावळ्यांम्होरं असलं काय नको. सोडा आता."

"काय सोडायचं, आप्पा?" दारातून मंगलनं विचारलं. तिला बिचारीला काय माहीत!

आत्ता बोलावं, आत्ता तरी. गोरखनं तोंड उघडलं, पण आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते पुन्हा मिटलं.

"सोडतो," आप्पा म्हणाले आणि हात जोडले. जोडलेले हातही कापत होते.

पाव्हणे निघाले तसा गोरख आप्पांच्या पायांवर पडला. "मारा मला आप्पा. जोड्यानं मारा. आन् ती माळ घाला आधी."

"ऊठ. दारू व्हती म्हनून सोडतो म्हनता आलं. छातीचं काय सोडनार व्हतो मी?" आप्पा ओट्यावर टेकले. "आन् माळ आता कशी घालू? घातली की तुझं खोटं उघडं पडंल. पोरीचं लगीन हुंदे."

एवढं बोलल्यावर त्यांना सकाळपासून दाबून धरलेली उबळ आली. छाती धरून ते पुढे वाकले. गोरख पंपाकडे धावला, पण त्याच्याही आधी त्याची नजर रस्त्याकडे गेली, पाव्हण्यांची गाडी वळणाआड गेली की नाही ते बघायला.

आप्पांना ते दिसलं.

"गेली रं गाडी," धापा टाकत ते म्हणाले. "आता तरी खोकू दे मला."