मी अंग झाडणार नाही

मी बोकड बोलतोय, आणि जागचं न हलता बोलतोय. पाठीवर आत्ताच दुसरा तांब्या ओतलाय. पाणी पोटाखालून टपटप गळतंय. हसू नका. हललो की मेलो, अशी माझी गत आहे.

नीट सांगतो. आमच्या भागात बोकड कापायच्या आधी त्याला हळद-कुंकू लावतात, अंगावर गार पाणी टाकतात आणि सगळे त्याच्याकडे टक लावून बघत राहतात. बोकडानं अंग झाडलं की देवानं मान्य केलं, असं समजतात. नाही झाडलं तर थांबतात. म्हणजे बोकडाला विचारूनच कापतो, असं यांना अगदी मनापासून वाटतं. अहो, गार पाणी पडल्यावर तुम्हीसुद्धा अंग झाडाल की!

माझा जन्म आटपाडीकडचा, धुळा धनगराच्या कळपातला. आईचं दूध थोडं, बाभळीच्या शेंगा भरपूर, आणि हिंडायला अख्खं माळरान. धुळा शिव्या लय द्यायचा, पण त्यानं बांधून कधी ठेवलं नाही. गेल्या दिवाळीनंतर, म्हणजे पंच्याहत्तर साल सरता सरता, कळप कृष्णाकाठी उतरला आणि उंब्रजला धुळानं मला विकलं. जाताना मागं वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्यानं. मी दोन दिवस ओरडत होतो. घसा बसला तेव्हा गप्प झालो.

मला घेणारा केरबा. मिलिटरीतून हवालदार होऊन परत आलेला गडी. उसाची शेती भावावर सोपवून त्यानं पुणे-बेंगळूर रस्त्याला हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे पाचटाचं छप्पर, चार बाजा आणि 'परमिट रूम' अशी पाटी. बिअरच्या बाटल्या पोत्यात घालून विहिरीत सोडतो आणि गिऱ्हाईक आलं की दोर ओढतो. साहेब लोकांच्या मेसमध्ये तो निखाऱ्यावर अख्खी मांडी भाजायला शिकला होता. मीठ, लसूण, मिरची आणि वरून तुपाचा हात. लांबलांबचे मोटारवाले मुद्दाम थांबतात. तो वास मलाही येतो. मी तोंड भिंतीकडे करतो.

हॉटेल काढलं तेव्हा केरबाच्या बायकोनं, शालूबाईनं, एकच अट घातली होती. "कापा, पर देवाला इचारल्याबिगर न्हाई. माझ्या दारात पाप नगं." केरबा पडला हवालदार, त्याला हुकूम म्हणजे हुकूम. आजवर न झाडलेला बोकड त्यानं कापलेला नाही.

माझी जागा मागच्या आवारात. दोरी दोन हात. बसायचं तर एकाच कुशीवर, कारण दुसऱ्या बाजूला भिंत. फटीतून रस्ता दिसतो. ट्रक, एस.टी., जीपा, सगळं कुठं ना कुठं चाललेलं. तीन महिने मी एकाच खुंट्याभोवती फिरतोय. वैताग येतो हो! खुंट्याला टकरा देऊन देऊन कपाळ सुजलं माझं, खुंटा ढिम्म हलला नाही.

शेजारी एक काळा बोकड होता, गरीब स्वभावाचा. त्याच्यावर पाणी पडलं, त्यानं आपलं नेहमीसारखं अंग झाडलं आणि परत पाल्यात तोंड घातलं. आपण काय सांगून बसलो हे त्याला कळलंही नाही. पाला तोंडात असतानाच त्याला ओढत नेला. त्या दिवशी मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, मी अंग झाडणार नाही. तेव्हापासून सवय करतोय. माशी बसली, गोचीड चावला, तरी उभा आपला दगडासारखा.

आज दुपारी पलूसची जीप आली. मानसिंगराव नावाचे ऊस बागायतदार आणि त्यांचे दोन दोस्त, महाबळेश्वरला निघालेले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "हवालदार, ताजं पायजे. आमच्या म्होरं कापायचं." विहिरीतून बाटल्या आल्या आणि आवारातून मी आलो. पहिला तांब्या पडला, मी हललो नाही. दुसरा पडला, तो तुम्हाला सांगितलाच.

आता मानसिंगराव बाजेवरून ओरडतायत, "आवं, दिल्लीला तार केलीया का काय? घाला की सुरी!"

"न्हाई मानसिंगराव. त्यो न्हाई म्हणतोय तवर कसा कापू?"

"बोकड बोलतंय व्हय?"

"अंगानं बोलतंय की. आनी कुणी हात लावू नगा, देवाचं काम हाय."

तिसरा तांब्या. थेट विहिरीतला! आई गं! कानात गेलं पाणी. कातडी आतल्या आत ओढतेय. नाही. नाही झाडणार. ट्रक मोजतो. एक गेला. दुसरा गेला. तिसरा...

केरबानं तांब्या खाली ठेवला. "आज देवाच्या मनात न्हाई. अंडी करतो, बसा."

"अंडी खायाला पलूसवरनं आलो व्हय?" मानसिंगराव चिडून उठले. दोस्त जीपकडे निघाले. जिंकलो! ऐकलंत का, मी जिंकलो!

शालूबाई बाहेर आली. "गारठलं गं बाई लेकरू," म्हणाली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यानं मला पुसायला बसली. पाठ पुसली, पोट पुसलं. मग शिंगांच्या मागं बोटं घालून हळूहळू खाजवायला लागली. तिथं माझं तोंड पोचत नाही. दावणीला बांधल्यापासून मला असा हात कुणी लावला नव्हता. डोळे आपोआप मिटले. आणि मानेपासून शेपटापर्यंत सगळं अंग सरसरून झाडलं गेलं.

"झाडलं!" केरबा ओरडला. "मानसिंगराव, थांबा! झाडलं त्यानं!"

"आवं, म्या खाजवलं म्हणून झाडलं त्यानं! पाण्यानं न्हाई!"

"अगं, देव कुणाच्याबी हातानं इचारतो."

जीपमधून दोस्त परत आले. पुन्हा विहिरीचा दोर ओढला. केरबा आत गेलाय सुरी आणायला.

तुम्ही तरी ऐका. मी 'हो' म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं, एवढंच. पण ते आता कुणाला पटायचं? शालूबाई मला धरून रडतेय. तिला एवढं सांगा, की तुझी काही चूक नाही, बाई. आणि तो येईपर्यंत हात काढू नकोस.