गेटरमागचं भोक

रबर कुठलंही असो, त्यातून हवा सुटली की सासरेबुवांचा जीव कासावीस व्हायचा. उभा जन्म पंक्चर काढण्यात गेलेला माणूस तो. हल्ली डोळ्यांनी दगा दिला होता, समोरचा कोण हे आवाजावरून ओळखावं लागे, पण बोटं मात्र अजून शाबूत होती. आता दुकानाचं काय, हा प्रश्न घरात ठाण मांडून बसला होता. मुलगा दूर जहाजावर नोकरीला. शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा ते दुकान भाड्याने मागत होता आणि रोज येऊन साखरेसारखं गोड बोलत होता.

सुनेला मात्र दुकान स्वतः चालवायचं होतं. तिला उपजतच खोड, की वस्तू आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय चैन पडायची नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने सासरच्या मिक्सरचं पोट उघडलं होतं. मिक्सर तासाभरात सुधारला, सासूबाईंना सुधारायला बरेच महिने लागले.

"पंक्चर काय, कोणीही काढेल," सासरे सकाळी म्हणाले. "माझ्या म्हातारीच्या फोर्कला नवे गेटर चढवून दाखव. नीट बसले तर दुकान तुझं. नाहीतर संध्याकाळी कव्हरवाल्याला हो म्हणून टाकतो."

म्हातारी म्हणजे मागच्या खोलीतली जुनी ब्रिटिश मोटारसायकल. तिच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या, दाबला की खालीवर होणाऱ्या फोर्कच्या नळ्यांवर धूळ-चिखल बसू नये म्हणून भात्यासारख्या घड्यांचे रबरी गेटर असतात, ते वाळून पार चिरले होते. म्हातारीचा तोराही मोठा. तिच्या नटांना तिचेच पाने लागायचे. दुसरा पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच समजा. सुनेने इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवला, पुढचं चाक काढलं, मडगार्ड उतरवलं आणि नळ्या ढिल्या करून एकेक खाली ओढली.

नवे गेटर तिने गरम पाण्यात टाकले. मऊ झाल्यावर बाहेर काढून न्याहाळले, तर प्रत्येकाच्या खालच्या घडीत सुईएवढं एक भोक. एकाला असतं तर म्हटलं असतं, माल खराब. दोघांना एकाच जागी? तिने गेटरची दोन्ही टोकं तळव्यांनी बंद केली, भोकावर अंगठा ठेवला आणि दाबून पाहिलं. दबेना! अंगठा काढला, तर फुस्स करून निमूट दबला. अच्छा, म्हणजे क्लिपांनी टोकं आवळल्यावर फोर्क खाली जाताना आतली हवा इथून निघते होय! तिला इतका आनंद झाला, की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण परीक्षेत परीक्षकाला काय सांगणार? भोकं तिने मागच्या बाजूला, खाली राहतील अशी बेतली, साबणाचं पाणी लावून गेटर चढवले आणि सगळं पुन्हा जोडलं.

दुपारी सासऱ्यांसमोर तिने हँडलवर एकदा भार टाकला. फुस्स. सासऱ्यांनी कान टवकारले. एरवी दहा चुका काढल्या असत्या, पण आज एवढंच म्हणाले, "आधी जेवून घे. बाकी संध्याकाळी बघू."

संध्याकाळी कव्हरवाला मोजपट्टी घेऊनच उगवला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! सुनेने पुढचा ब्रेक धरला आणि सगळ्या अंगाने हँडलवर भार दिला. तर काय, दोन्ही गेटर बेडकाच्या गालांसारखे टम्म फुगले आणि एकाचं वरचं टोक क्लिपमधून फटकन निसटलं.

"वहिनी, फुगे झकास बसवलेत," कव्हरवाला म्हणाला.

तिने क्लिप तपासली, ती घट्टच होती. मग दुपारी का नाही फुगले? तिने फोर्कमागे हात घातला, बोटाने दोन्हीकडची खालची घडी चाचपली. भोकं नव्हती. त्या जागी एकेक इवलासा पॅच होता, कडा इतक्या पातळ तासलेल्या, की नखाला लागू नयेत. असा पॅच लावणारा माणूस आख्ख्या रस्त्यावर एकच.

रागाने तिचे कान तापले. द्यायचं नव्हतं दुकान तर तोंडावर सांगायचं. असा चोरून खो कशाला घालायचा?

"बाबा, हा पॅच तुम्ही लावलात?"

सासरे खाली मान घालून म्हणाले, "सापडला वाटतं. दुपारी हवा सुटल्याचं ऐकलं गं मी. नवं रबर आणि दोन्हीकडे भोक! चढवताना तुझ्या हातून टोचलं असेल म्हटलं. सकाळपासून राबलीस, आता एवढ्याशा भोकापायी दुकान हातचं जायचं. तू जेवत होतीस तेवढ्यात बुजवून टाकलं."

"पण बाबा, परीक्षा तर तुम्हीच घेत होता ना?"

"म्हणून तर! परीक्षक किती खडूस आहे ते मला माहीत नाही होय?"

तिला हसूही आलं आणि रडूही आलं. सकाळपासून ज्याच्या धाकाने ती घाम गाळत होती, तो माणूस तिच्यासाठी कॉपी पुरवत होता! तिने त्यांचा हात धरून निसटलेल्या गेटरवर ठेवला, सुटलेलं टोक मुठीत आवळून दाबायला लावलं आणि हवा कुठून जायला हवी ते समजावलं. कव्हरवाल्याने मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली.

तिने सुई तापवली. सासऱ्यांचा पॅच निघणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्याच्यातूनच भोक पाडावं लागणार होतं. रबर त्यांनी धरलं, पण सुई आत शिरताना तोंड दुसरीकडे वळवलं. दोन्ही झाल्यावर तिने क्लिप आवळली आणि फोर्क दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. फुस्स.

सासरे बराच वेळ ऐकत राहिले. मग काळजीच्या सुरात त्यांनी विचारलं, "सूनबाई, अशी मुद्दाम ठेवलेली भोकं आजवर किती बुजवली असतील गं मी?"