डोहावर नाही, वावरात चालते

गावात लेकरू सव्वा महिन्याचं झालं की वावरात न्यायची रीत होती. बांधावरच्या बाभळीला झोळी टांगायची, लेकरू तिच्यात टाकायचं आणि आईनं ओळीला लागायचं. ऊन असो, थंडी असो, लाल मुंग्या असोत. आंध्रातल्या वांकिडीच्या आसपासच्या खेड्यांत ह्यावर कोणी कधी एक शब्द काढला नाही. पण चंपतरावांची सून रुख्मिणी आपल्या नऊ महिन्यांच्या पोरीला दर इतवारी डोहावर नेते आणि तिथं काम काहीच करत नाही, ही गोष्ट मात्र गावाच्या घशाखाली उतरत नव्हती.

रुख्मिणी सीमेपलीकडची, महाराष्ट्रातल्या राजुऱ्याकडची. सातवी शिकली ती मराठीत. लग्न होऊन इकडे आली तेव्हा बसची पाटीही वाचता येईना. नवरा वामन तेलुगू शाळेत शिकलेला, बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला. त्यानंच तिचा बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. परीक्षा ब्याण्णव सालच्या मार्चात, सारे पेपर तेलुगूत. आणि घरात पुस्तक उघडलं रे उघडलं की सासू बयनाबाईला कुठलं तरी धान्य निवडायचं आठवे. तूर संपली की ज्वारी, ज्वारी संपली की पुन्हा तूर. बाई रिकामी दिसली की घराला खाज सुटते, हे रुख्मिणीला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पुस्तक वाचणारी बाई म्हणजे रिकामी बाई.

म्हणून डोह. वामननं सायकलच्या दांडीवर बांबूची टोपली बसवली होती, आत गोधडी. टोपलीत पोर, रेणू, मागं रुख्मिणी, पिशवीत पुस्तकं, भाकरी आणि ठेचा. गाव सुटलं, सागाचं रान लागलं की वामनचा आवाज मोठा व्हायचा. घरी बापासमोर खालमानेनं जेवणारा हा माणूस रानात माकडांना शिव्या द्यायचा, गाणी म्हणायचा, आणि पोरीचं दुपटं स्वतः नाल्यात धुवायचा. घरी धुतलं असतं तर आईनं ऊर बडवून घेतला असता.

जानेवारीतल्या एका इतवारी तर त्यांनी नाला खालच्या अंगानं ओलांडला. वामनच्या खांद्यावर सायकल, रुख्मिणीच्या पाठीला लुगड्यानं बांधलेली रेणू, मांडीपर्यंत गार पाणी. पलीकडच्या ओल्या मातीत पाऊल उमटलेलं होतं, माणसाच्या पावलासारखं, पण पुढं नखं.

"अस्वल," वामन हळूच म्हणाला.

"आता कायले हळू बोलता? गाणं म्हणा मोठ्यानं. माणूस हाय म्हनून समजू द्या त्याले."

"तूच म्हन. मले आता एकबी आठवून नाई राह्यलं."

रुख्मिणी हसत सुटली. मग दोघांनी मिळून बाराचा पाढा ओरडत ओरडत रान पार केलं, आणि पाठीवरची रेणू प्रत्येक आकड्याला आईच्या मानेवर थापा मारत राहिली.

डोहाच्या काठी सपाट खडक होता. रेणू उथळ पाण्यात बसली की वामन तिला एकेक वस्तू दाखवायचा. झाड दाखवून चेट्टु, पाणी दाखवून नीळ्ळु, फांदीवरचं माकड दाखवून कोति. रेणूच्या निमित्तानं रुख्मिणीची तेलुगू पक्की व्हायची. त्या दिवशी तिनं दोन समीकरणांचं गणित कोणाला न विचारता सोडवलं. वामननं वही उलटी करून, सुलटी करून पाहिली. "बरोबर हाय," तो म्हणाला. "मले दहावीत हेच नव्हतं आलं." तिला वाटलं, पास होणं म्हणतात ते हेच असेल, पुढचा कागद नुसता सरकारचा.

मंगळवारी रेणूला ताप आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं हिरडी दाबून पाहिली आणि दात येतोय म्हणून सांगितलं. औषध दिलं. दोन दिवसांत ताप उतरला, चौथ्या दिवशी तांदळाच्या कणीएवढा दात वर आला. पण बयनाबाईला दात दिसायचा नव्हता. तिला डोह दिसला होता.

"आसरा लागल्या पोरीले," तिनं ओसरीवर बसून जाहीर केलं. सात आसरा, पाण्यातल्या देवता, डोहात राहतात, हसरं लेकरू दिसलं की त्यांची नजर जाते. "भरल्या दुपारी पान्यात बसोते. अशी माय असते का कुठं?"

"मामी, दात आला. हे पाहा."

"दाताचं मले शिकोते का? मी सहा वाढोले."

चंपतरावांनी तंबाखू मळत निकाल दिला. टोपली सायकलवरून उतरवायची. पुस्तकं माळ्यावर. लेकरू वेशीबाहेर जाणार नाही. "आन् तुले इतकंच फिरायचं असन," ते मुलाला म्हणाले, "तं एकटा फिर."

रुख्मिणीनं वामनकडे पाहिलं. अस्वलाच्या रानात बाराचा पाढा ओरडणारा हा गडी. तो उठला, पाना घेतला आणि टोपलीचे नट ढिले करू लागला.  त्या घडीला तिला आसरांचा नाही, सासऱ्याचाही नाही, त्याच्या हातातल्या पान्याचा सगळ्यात जास्त राग आला.

परीक्षेला सहा आठवडे उरले होते. बारा दिवस असेच गेले. तूर, ज्वारी, तूर.

तेराव्या दिवशी संध्याकाळी बयनाबाई चुलीजवळ येऊन बसली. कापसाचा तिसरा वेचा उभा होता आणि मजुरणी दुसऱ्याच्या वावरात गेल्या होत्या. मालनबाई आणि तिच्या दोन जावा, एवढ्याच येणार होत्या.

"उद्या तूबी चाल. पोरीले झोळी बांधू."

रुख्मिणीचा हात भाकरीवर थांबला. "वेशीबाहेर?"

"वावर काय बाहेर हाय? आपलंच तं हाय."

वावर नाल्याला लागून होतं. डोह तिथून तीन धुरे, तीन बांध, वर. तेच पाणी, तोच वारा, तीच दुपार. रुख्मिणीनं विचारलं, "आसरा वावरात नाई येत का, मामी?"

"तोंड पाहा हिचं," बयनाबाई उठता उठता म्हणाली. "शिकली म्हनून आमाले शिकोते."

पहाटे सगळे आवरत असताना रुख्मिणी माळ्यावर चढली. गणिताचं पुस्तक आणि वही काढली, रेणूच्या दुपट्यांखाली घातली आणि निघाली.

बाभळीला झोळी बांधून झाली. रेणू आत राहीना. नऊ महिन्यांचं डोळस लेकरू ते, त्याला बोंडं पाहायची होती, माती हातात घ्यायची होती. दोनदा टाकलं, दोनदा ते रडून लाल झालं. बायका ओळीला लागलेल्या. चंपतराव धुऱ्यावरून पाहत होते.

बयनाबाईनं कमरेच्या चंचीतून एक पितळी डबी काढली. आत काळं, चिकट काहीतरी. करंगळीच्या नखावर मोहरीएवढं घेतलं.

"काय हाय हे?"

"अफू. चाटोव तिले. दोपारलोक हालत नाई मंग."

रुख्मिणीला आधी ऐकूच गेलं नाही. मग सगळं एकदम ऐकू आलं. ज्या बाईनं पाण्यात बसवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं, ती आता त्याच लेकराच्या जिभेवर अफू ठेवायला नख पुढं करून उभी होती. आणि चेहऱ्यावर लबाडी नाही. मायाच होती, नेहमीची, वेचा होईपर्यंत पुरणारी.

"हे नाई द्यायचं तिले."

"सगळ्याच देतात. तुह्या नवऱ्याले म्याच देल्ली. मेला का तो?"

पलीकडच्या ओळीतून मालनबाईची जाऊ हसली. "नाई मेला, पन झोपेतून उठलाबी नाई अजून." बायका खुदखुदल्या. दुकान बंद ठेवून आलेल्या, दूर बैलगाडीजवळच्या वामनची मान खाली गेली.

"मालनबाई, तुमी देल्ली?" रुख्मिणीनं विचारलं.

मालनबाईचे हात बोंडावर चालूच होते. "तिघाले देल्ली," ती म्हणाली. "दोघं हायेत."

 मालनबाईनं पुढचं बोंड ओढलं.

रुख्मिणीनं रेणूला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं कापूस भरायची कमरेची ओटी सोडली. ती जमिनीवर पडली, आतला मूठभर कापूस मातीत सांडला. चंपतराव धुऱ्यावरून खाली आले.

"हे काय चालवलं? पोरीले ठेव आन् ओळ धर. दिवस वर आला."

"मामंजी, एक सांगा. लेकराले वेशीबाहेर बाधा होते का नाई होत?"

"आता हे काऊन काढलं?"

"होत असन तं मी पोरीले घेऊन घरी चालली. उद्याबी येनार नाई, परवाबी नाई. वेचा तुमी पाहा. नसन होत तं इतवारी डोहावर जाईन. दोन्हीपैकी एक सांगा. ह्या बायांसमोर सांगा."

चंपतरावांनी बायकांकडे पाहिलं. बायकांचे हात थांबले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात आपली लेकरं टांगलेल्या बाया त्या. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं.

"डोहात आसरा हायेत," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"आन् डबीत काय हाय?"

बयनाबाईनं डबी मिटली. "माह्या वाढोयल्या लेकरायले नाव ठेवते," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रुख्मिणीला ते दिसलं, वाईटही वाटलं. तरी ती हलली नाही. वाईट वाटलं म्हणून मागं फिरणाऱ्या बायांच्या जिवावरच तर हे सगळं चाललं होतं.

वामन ओळी ओलांडत आला. बापाकडे न पाहता त्यानं हात पुढं केले. "आण, मी घेतो पोरीले."

"पोरीले नको." रुख्मिणीनं पायाजवळची ओटी उचलून त्याच्या हातात दिली. "हे बांधा. माझ्या दोन ओळी हायेत."

कापसाच्या वावरात गड्यानं ओटी बांधून बायकांच्या रांगेत, तेही बायकोच्या ओळीवर वेचायचं, हे त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. गड्यांनी गठ्ठे बांधायचे, बैलगाडी भरायची. तो आतापर्यंत तेच करत होता. मालनबाईच्या जावेनं तोंडाला पदर लावला. वामनच्या कानापर्यंत रक्त चढलं.  मग त्यानं ओटी बांधली, गाठ चुकली, पुन्हा बांधली, आणि रुख्मिणीच्या ओळीत वाकला.

"डाव्या हातानंबी वेच," मालनबाईनं न पाहताच सांगितलं. "नाईतं दिवस जाईन तुह्या दोन ओळीत."

रुख्मिणी बाभळीखाली बसली. काटे पायानं बाजूला सारले. रेणूला मातीत सोडलं, दुपट्यांखालून पुस्तक आणि वही काढली. पोरीनं आधी मातीची मूठ तोंडात घातली, मग पुस्तकाच्या पानावर हात टेकून उभं राहायचा प्रयत्न केला.

चंपतराव बराच वेळ तिथंच घुटमळले. शेवटी खाकरून म्हणाले, "इतवारी जायचं असन तं जा. पन दोपारच्या आत घरी या."

"दोपारच्या आत होनार नाई, मामंजी. दोन धडे हायेत."

ते वळले. धुऱ्यावर जाऊन पाठ करून उभे राहिले. रुख्मिणीनं पानावरचा चिखलाचा ठसा बोटानं पुसला आणि पुढचं गणित वाचायला घेतलं.